कलम अकरा

गावांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्यांची एक परिषद आहे,
एकोणचाळीस देशांची, वर्गणी वर्षाला तीस युरो.
यंदाची मतमोजणी माझ्याकडे आली,
कारण नियमच तसा : मोजणारा
कुणाचा सूचक नको, अनुमोदक नको,
आणि त्याला वेळ असावा.
मला वेळ आहे. जूनपासून मी निवृत्त.

वडगावात, मागच्या खोलीत, शेजारच्या मागांच्या खडखडाटात
नियमावली तीनदा वाचली.
जागा सहा. सहाहून जास्त खुणा केल्यास मत बाद,
कमी केल्यास चालेल.
एका देशाचे दोनच.
सलग दोन मुदतींनंतर चार वर्षं घरी बसावं
(इथे मला आमच्या पतसंस्थेचे चेअरमन आठवले).
उमेदवाराने आपलं गाव एकाच रीतीने लिहावं,
कंसात दुसरं नाव देऊ नये.

इथे थांबले.
मी तर जन्मभर कंसातच राहिले.
बसच्या पाटीवर एक, आईच्या तोंडी एक,
पासपोर्टावर तिसरंच.
एका वर्षी पाटीला डांबर फासलेलं होतं
आणि कंडक्टर नुसता ओरडत होता, गावात, गावात, चला गावात.
सगळे बरोबर चढले.

असो. मतं आली दोनशे सतरा, बाद नऊ.
एकाने चौदाही नावांपुढे खूण करून
खाली लिहिलं होतं, सगळेच चांगले आहेत.
पाच जागा सुटल्या. सहावीला
धारवाडचे शिवलिंगप्पा मुगळी, एकशे तीन.
तार्तूच्या मारे तामसालू, एकशे तीन.

मुगळींबरोबर मी बावीस उन्हाळे
हुक्केरी, रायबाग, अथणीकडे म्हाताऱ्यांना विचारत हिंडले :
या ओढ्याला काय म्हणता?
ते कन्नडात लिहायचे, मी मराठीत,
रात्री वह्या जुळवायचो.
ओढा बहुतेक वेळा तोच निघायचा.

कलम अकरा : मतं समान पडल्यास चिठ्ठी टाकावी.
चिठ्ठी उचलणाऱ्या व्यक्तीचा
निकालात कसलाही हितसंबंध नसावा.
म्हणजे मी नकोच.
पण आमच्या गावात असं माणूस आणायचं कुठून?
सांबरेकरांनी विचारलं, तार्तू कुणाच्या बाजूचं?
समोरचे मास्तर म्हणाले, मुगळी म्हणजे आपले की त्यांचे?

शेवटी नीलव्वा, दही घालायला आलेली.
पाटी उंबऱ्यात ठेवून, पदराला हात पुसून
ती लॅपटॉपसमोर बसली.
पडद्यावर सहा देशांची सहा डोकी.
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात दोन घड्या.

"निवडून आल्यावर काय मिळतंय ओ बाई?"
काही नाही. वर्षाला दोन बैठका, स्वतःच्या खर्चाने.
"मग पडंल त्योच बरा."

तिने उचलली. मी वाचली : तामसालू.
पडद्यावर टाळ्या, आवाज मागून आला.
मी झाकण लावायला घेतलं.
"दुसरी बी उघडा की."
गरज नाही गं, नियमात नाही तसं.
"उघडा. आमच्या पंचायतीत
दोन्हीवर एकच नाव हुतं."

सहाही डोकी गप्प. भाषांतर मी केलं नव्हतं,
तरी गप्प.

उघडली.
नीलव्वाला ती लिपी येत नाही.
दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडून तिने
अक्षरांवरून बोट फिरवलं,
बांध सरकलाय का बघावं तसं, सावकाश.
"येगळी हाईत," म्हणाली. "आता बरोबर."
आणि दह्याचे पैसे मागितले.

रात्री मुगळींना फोन केला. ते म्हणाले,
बरं झालं, गोकाककडचे ओढे राहिलेत अजून.

मग दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला.
कलम अकरा, नवं वाक्य : उरलेली चिठ्ठीही उघडून दाखवावी.
सूचक : नीलव्वा. सभासद नाही, वर्गणी मी भरेन.
सूचकाचं गाव, एकाच रीतीने :
तिथे पेन बराच वेळ टेकवून ठेवलं,
मग ती हाक मारताना म्हणते
तसंच लिहिलं.